चांदी सापडली कुठे, घडली कुठे: अँग्लो-सॅक्सन कारागिरीतल्या प्रादेशिक शैली

१७७४ साली इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या सेंट ऑस्टेल गावाजवळ, कथील काढणाऱ्या मजुरांना जमिनीत चांदी लागली. एक प्याला, चांदीच्या तारा विणून केलेला प्रायश्चित्ताचा चाबूक, एक लांब टाचणी, पिण्याच्या शिंगाला बसवायच्या नक्षीदार पट्ट्या, कमरपट्ट्याच्या टोकाला लावायचे तुकडे आणि शंभराहून अधिक नाणी. नाण्यांवरून हिशेब लागतो की हा ठेवा इ.स. ८६८च्या आसपास पुरला गेला. त्या जागेचं नाव ट्रेविडल. पुढे अभ्यासकांनी नवव्या शतकातल्या अँग्लो-सॅक्सन चांदीकामाच्या सबंध शैलीलाच ‘ट्रेविडल शैली’ म्हणायला सुरुवात केली आणि आज संग्रहालयातल्या पाट्यांवर तेच नाव दिसतं.

गंमत अशी, की कॉर्नवॉल तेव्हा अँग्लो-सॅक्सनांचा मुलूखच नव्हता. तिथे कॉर्निश भाषा बोलणारे ब्रिटन लोक राहत. पूर्वेकडच्या वेसेक्सच्या राजांनी त्यांच्यावर वचक बसवला होता, पण त्यांचा स्वतःचा राजा अजून होता. म्हणजे एका शैलीला ज्या गावाचं नाव मिळालं, त्या गावात ती जन्मली नाही, वाढली नाही. फक्त कुणीतरी घाईने तिथे खड्डा खणला. जमिनीतून निघालेल्या चांदीकडे बघून ‘ही अमुक प्रदेशाची शैली’ असं म्हणणं का कठीण आहे आणि तरी ते कुठे कुठे म्हणता येतं, हे या लेखात बघू.

आधी थोडी पार्श्वभूमी. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला रोमन सत्ता ब्रिटनमधून गेली. त्यानंतर आजचा डेन्मार्क, उत्तर जर्मनी आणि नेदरलंड्सच्या किनाऱ्यावरून लोक येऊन पूर्व आणि दक्षिण ब्रिटनमध्ये स्थिरावले. यांनाच आपण अँग्लो-सॅक्सन म्हणतो. त्यांची अनेक छोटी-मोठी राज्यं झाली: आग्नेयेला केंट, पूर्वेला ईस्ट अँग्लिया, मध्यभागी मर्सिया, उत्तरेला नॉर्थंब्रिया, दक्षिणेला वेसेक्स. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं तिथवर हा काळ धरतात. सहाशेहून अधिक वर्षं. एवढ्या काळात एकच ‘अँग्लो-सॅक्सन शैली’ असणं शक्य नाही, तशी ती नव्हतीही.

चांदीकाम वाचायचं तर तीन तंत्रं ओळखता आली पाहिजेत. पहिलं ओतकाम. मातीच्या दोन भागांच्या साच्यात चांदी ओतायची आणि नक्षी अशी घडवायची की जणू लाकडावर तिरक्या छिन्नीने टवके काढले आहेत. प्रत्येक रेघेला दोन उतार असतात, त्यामुळे वस्तू हलली की उजेड नक्षीवर खेळतो. दुसरं मुलामा. सोनं पाऱ्यात कालवून त्याचा लगदा चांदीला लावायचा आणि तापवायचं. पारा वाफ होऊन उडतो, सोन्याचा पातळ थर मागे राहतो. ती वाफ विषारी असते, तेव्हा हे काम करणाऱ्यांची तब्येत फार चांगली राहत नसणार. तिसरं निएलो. चांदी आणि गंधक एकत्र करून काळा पदार्थ तयार होतो. तो कोरलेल्या खाचांमध्ये भरून तापवायचा आणि वरून घासून गुळगुळीत करायचं. ही मीनाकारी नव्हे, कारण मीनाकारीत काच वापरतात. निएलोत चांदीवर चांदीचंच काळं रूप बसतं.

ही तीन तंत्रं लक्षात ठेवली की एक ढोबळ खूण हाती येते. आठव्या शतकातली चांदी बहुतेक सोनेरी दिसते, कारण तिच्यावर मुलामा असतो. नवव्या शतकातली काळी-पांढरी दिसते, कारण मुलामा मागे पडून निएलो पुढे आलेला असतो. या खुणेला अपवाद भरपूर आहेत, पण काचेच्या कपाटासमोर उभं राहून शतकाचा अंदाज बांधायला ती पुरते.

आता प्रदेशांकडे. सर्वांत स्पष्ट प्रादेशिक फरक दिसतात ते सगळ्यात जुन्या काळात, पाचव्या-सहाव्या शतकात. नॉर्थंब्रियातला बीड नावाचा साधू (आपल्या बीड जिल्ह्याशी त्याचा काही संबंध नाही) इ.स. ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या इतिहासात सांगतो की केंट आणि वाइट बेटावर ज्यूट लोक वसले, दक्षिणेत सॅक्सन, तर पूर्व, मध्य आणि उत्तर भागात अँगल. त्याने लिहिलं ते घटनेनंतर अडीचशे-तीनशे वर्षांनी. तरी बायकांच्या थडग्यांमधले दागिने पाहिले तर त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं असं दिसतं.

त्या बायका अंगरख्याला खांद्यावर ब्रूच लावत. अँगल प्रदेशात हे ब्रूच लांबट, क्रुसासारख्या आकाराचे आणि मनगटापाशी बाही मिटवायला धातूचे आकडे. हे आकडे मुळात स्कँडिनेव्हियातले. सॅक्सन प्रदेशात ब्रूच गोल, बशीसारखे, कडा वर उचललेल्या. यातले बहुतेक तांब्याच्या मिश्रधातूचे, वरून मुलामा दिलेले. चांदीची खरी चैन दिसते ती केंटमध्ये.

केंटमधल्या सार या गावी सापडलेला पाचव्या शतकातला एक चांदीचा ब्रूच ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. रुंद, चपटं कडं, त्यावर गोलाकार रांगेत चालणारे छोटे प्राणी आणि वर बसवलेली इवलीशी पाखरं. या प्रकारच्या कामाला ‘क्वॉइट ब्रूच शैली’ म्हणतात. प्राण्यांची ठेवण आणि कडेच्या नक्षीची पद्धत रोमन सत्तेच्या अखेरच्या काळातल्या लष्करी पट्ट्यांवरच्या धातुकामातून आलेली आहे. म्हणजे रोमन गेले तरी त्यांच्या हाताखाली शिकलेला हात गेला नव्हता. तो हात स्थानिक ब्रिटन माणसाचा होता की समुद्रापलीकडून आलेल्या सोनाराचा, यावर अजून वाद चालतो.

सहाव्या शतकात केंटमध्ये आणि वाइट बेटावरच्या चेसेल डाउन इथल्या थडग्यांमध्ये चौकोनी डोक्याचे, मुलामा दिलेले चांदीचे ब्रूच सापडतात. त्यांची नाळ थेट दक्षिण स्कँडिनेव्हियाशी जुळते. केंट आणि वाइट बेट एकमेकांपासून बरंच लांब, मधे सॅक्सनांचा मुलूख, तरी दागिने मात्र जवळचे. बीडनेही नेमक्या याच दोन जागा ज्यूटांच्या म्हणून सांगितल्या आहेत. पुरातत्त्वात ग्रंथ आणि जमीन इतक्या सरळ एकमेकांना दुजोरा देतात असं फार थोड्या वेळा घडतं, म्हणून मला हा भाग विशेष आवडतो.

केंट श्रीमंत का? कारण समुद्रापलीकडे समोरच, आजच्या फ्रान्सच्या भागात, फ्रँकांचं राज्य होतं. मधली सामुद्रधुनी अरुंद, व्यापार भरपूर. केंटचा राजा एथेलबर्ट याची राणी बर्था ही फ्रँक राजकन्या, आणि तिच्या ख्रिस्ती असण्याचा उपयोग रोमहून ५९७ मध्ये धर्मप्रसारासाठी आलेल्या ऑगस्टिनच्या मंडळींना झाला. फ्रँकांकडूनच चांदी आली आणि लाल गार्नेटही. केंटच्या सहाव्या शतकातल्या गोल चांदीच्या ब्रूचांवर पाचरीच्या आकाराचे गार्नेट बसवलेले असतात. पश्चिम युरोपात त्या काळी वापरल्या जाणाऱ्या गार्नेटची रासायनिक तपासणी झाली, तेव्हा सुरुवातीच्या काळातले पुष्कळसे खडे भारत आणि श्रीलंकेतून आलेले निघाले. पुढे सातव्या शतकाकडे बोहेमियातले, म्हणजे आजच्या चेक प्रदेशातले खडे वाढले. केंटच्या बाईच्या खांद्यावरच्या लाल ठिपक्याचा प्रवास हिंदी महासागरातून सुरू झालेला असू शकतो.

मग हे प्रादेशिक चित्र नंतरच्या शतकांत धूसर का होतं? याचं उत्तर शैलीत नाही, अंत्यविधीत आहे. पाचव्या-सहाव्या शतकात माणसाला दागिन्यांसह पुरत. बाई जिथे राहिली, तिथेच तिचा ब्रूच तिच्यासोबत जमिनीत गेला. हजारो थडगी उकरली की नकाशावर ठिपक्यांचे गट आपोआप पडतात. सातव्या शतकाच्या अखेरीपासून ही चाल थांबली. त्यानंतरची चांदी आपल्याला मिळते ती पुरून ठेवलेल्या ठेव्यांत, नदीच्या गाळात, किंवा शेतात हरवलेल्या तुकड्यांच्या रूपात. ठेवा पुरणारा माणूस बहुधा पळत असतो. लुटणारा तर मुळातच दुसऱ्याच्या घरची चांदी घेऊन चाललेला असतो. वस्तू आणि तिची जागा यांचं नातं तिथे तुटतं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीत घडलेले चांदीचे पैंजण देशभर विकले जातात. उद्या एखादा जोड राजस्थानातल्या शेतात निघाला, तर त्यावरून राजस्थानी शैलीचा सिद्धान्त मांडणाऱ्याला आपण हसू. अँग्लो-सॅक्सन चांदीबाबत मात्र आपल्याकडे हुपरीची माहिती नाही, फक्त शेत आहे.

याच सुमारास धातूही बदलला. सातव्या शतकापर्यंत प्रतिष्ठेचा धातू सोनं होता. २००९ मध्ये स्टॅफर्डशरमधल्या शेतात सापडलेल्या प्रसिद्ध ठेव्यात सुमारे ४ किलो सोनं आणि १.७ किलोच्या आसपास चांदी आहे, यावरून त्या काळचं प्रमाण लक्षात येईल. हे सोनं शेवटी बायझंटाइन (पूर्व रोमन) साम्राज्यातून फ्रँकांमार्फत यायचं. तो ओघ आटला, सोन्याच्या नाण्यांत चांदीची भेसळ वाढत गेली आणि ६७०च्या दशकात इंग्लंडमध्ये सरळ चांदीची नाणी पाडायला सुरुवात झाली. या चांदीचा उगम कुठला, यावर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नाण्यांतल्या शिशाचे समस्थानिक तपासले गेले. ६६० ते ७५० या काळातली चांदी बायझंटाइन मूळची, बहुधा जुनी ताटं-वाडगे वितळवून मिळालेली. ७५० नंतर फ्रान्समधल्या मेल इथल्या खाणींची चांदी वाढत जाते. सोनारही बहुधा तीच चांदी वापरत होते. तेव्हा नुसत्या धातूच्या तपासणीवरून ‘हा केंटचा, हा मर्सियाचा’ असं ठरवायला फारसा वाव नाही. कच्चा माल सगळ्यांचा एकाच वाटेने येत होता.

आठव्या शतकात मर्सियाचं राज्य सर्वांत बलाढ्य झालं. त्याचा राजा ऑफा ७५७ ते ७९६ राज्यावर होता. या काळातलं चांदीकाम फार देखणं आहे. लिंकनशरमधल्या विदम नदीतून १८२६ मध्ये निघालेल्या तीन टाचण्या पाहा. तिघींची डोकी गोल चकत्यांची, मुलामा दिलेल्या चांदीची, छोट्या दुव्यांनी एकमेकींना जोडलेली. प्रत्येक चकतीवर क्रुसासारखे भाग पाडलेले आणि त्यांत पंख असलेले प्राणी स्वतःच्याच शेपटीच्या गुंत्यात अडकलेले. लंडनमधल्या फेटर लेन इथे सापडलेल्या तलवारीच्या मुठीवर अशाच वळणदार, सळसळत्या नक्षीची चांदी आहे.

याला पूर्वी सर्रास ‘मर्सियन शैली’ म्हणत. पण विदम नदी लिंडसी नावाच्या वेगळ्या राज्यात वाहते, जे मर्सियाच्या वर्चस्वाखाली होतं. लंडन मर्सियाच्या ताब्यात असलं तरी केंट आणि एसेक्सच्या तोंडाशी. आणि तेच प्राणी केंटमध्ये लिहिलेल्या हस्तलिखितांच्या समासांतही नाचताना दिसतात. म्हणून आता बरेच अभ्यासक ‘साउथंब्रियन’ हा शब्द वापरतात: हंबर नदीच्या दक्षिणेचं, एवढंच. इतकं ढगळ नाव मुद्दाम निवडलं आहे. त्यात एक कबुली आहे की वरच्या दर्जाच्या या वस्तू एका राज्याच्या नव्हत्या. राजे, बिशप आणि सरदार यांच्या एका सामायिक वर्तुळाच्या होत्या, आणि ते वर्तुळ सरहद्दी ओलांडून पसरलेलं होतं.

हंबरच्या उत्तरेला नॉर्थंब्रिया. तिथली चांदी कमी उरली आहे, पण जी उरली ती वेगळी बोलते. कंब्रियातल्या ऑर्मसाइड चर्चच्या आवारात १८२३ मध्ये सापडलेला वाडगा आठव्या शतकातला, चांदीच्या पत्र्याला आतून ठोकून उठाव दिलेला आणि मुलामा चढवलेला. द्राक्षवेली, तिच्या फांद्यांत पक्षी आणि विचित्र जनावरं. ही द्राक्षवेल भूमध्य प्रदेशातून ख्रिस्ती मठांमार्फत आलेली आहे. रुथवेल आणि ब्यूकॅसल इथल्या दगडी क्रुसांवरही तीच वेल आहे. इथे मात्र ‘नॉर्थंब्रियन’ म्हणायला माझी हरकत नाही, कारण दगड कुणी खिशात घालून नेत नाही. हलणाऱ्या वस्तूचा प्रदेश न हलणाऱ्या वस्तूवरून ठरवता येतो.

आता पुन्हा ट्रेविडलकडे. या शैलीची ओळख पटवणं सोपं आहे. चांदीची पाटी छोट्या छोट्या चौकटींत वाटलेली, चौकटींच्या कडांना बारीक मण्यांची किनार. प्रत्येक चौकटीत एकच छोटा प्राणी, अंग मुरडलेला, मान मागे वळवून शेपूट चावणारा किंवा पाय आखडून दडलेला. अंगावर बारीक कापांचे ठिपके, भोवती निएलोची काळी पार्श्वभूमी. आठव्या शतकातले लांबलचक गुंते इथे नाहीत. त्यांची जागा छोट्या, खट्याळ जनावरांनी घेतली आहे. दोन्ही शेजारी ठेवून बघितले तर नववं शतक मला जास्त विनोदी वाटतं.

आणि ही शैली सापडते कुठे? जवळपास सगळीकडे. नॉरफोकमधल्या पेंटनी गावच्या चर्चच्या आवारात १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात कबर खणताना चांदीचे सहा गोल जाळीदार ब्रूच एकत्र निघाले आणि काही काळ चर्चमध्येच पडून राहिले. त्यांचं मोल नंतर कळलं. स्टॅफर्डशरमधल्या बीस्टन टॉर कड्यातल्या गुहेत १९२४ मध्ये दोन ब्रूच मिळाले. अ‍ॅबिंग्डनजवळ तलवार मिळाली. यॉर्कशरमध्ये गिलिंग इथल्या ओढ्यात १९७६ मध्ये एका नऊ वर्षांच्या मुलाला चांदीने मढवलेल्या मुठीची तलवार दिसली. केंट, वेसेक्स, मर्सिया, नॉर्थंब्रिया, ईस्ट अँग्लिया: कुठलंच राज्य बाकी नाही.

एक अंगठी तर या सगळ्या प्रश्नाचं चालतं-बोलतं उदाहरण आहे. ती सोन्याची आहे, पण निएलो आणि प्राणी ट्रेविडल पद्धतीचेच. आतल्या बाजूला ‘एथेलस्विथ राणी’ असं कोरलेलं. एथेलस्विथ ही वेसेक्सच्या एथेलवुल्फ राजाची मुलगी, आल्फ्रेड राजाची बहीण. लग्न झालं मर्सियाच्या बर्गरेड राजाशी. आणि अंगठी १८७० मध्ये नांगरताना सापडली ती यॉर्कशरमधल्या अ‍ॅबरफोर्डजवळ, म्हणजे नॉर्थंब्रियात. ज्या शेतकऱ्याला ती सापडली त्याने ती आधी कुत्र्याच्या पट्ट्याला अडकवली होती असं सांगतात. माहेर एका राज्यात, सासर दुसऱ्यात, अंगठी तिसऱ्यात. बहुधा राणीने ती आपल्या एखाद्या विश्वासू माणसाला भेट दिली असावी. राजघराण्यांतली लग्नं, भेटी, निष्ठा विकत घेण्यासाठी वाटलेली चांदी आणि सोनं, चर्चला दिलेली दानं, शिवाय ८६५ नंतर देशभर फिरणारी व्हायकिंग सेना. एवढ्या वाटांनी वस्तू हिंडत असताना वरच्या थरातली शैली एका प्रदेशात अडकून पडेल कशी?

याच काळातला फुलर ब्रूच हे आणखी एक नाव कानावर येईल. चांदीच्या एका सबंध पत्र्यावर पाच ज्ञानेंद्रियांची मानवी चित्रं: मधे डोळे वटारून बघणारी दृष्टी, भोवती चव, गंध, श्रवण आणि स्पर्श. व्यास साधारण ११.४ सेंटिमीटर. इतका नीटनेटका की विसाव्या शतकात बराच काळ लोक तो नकली समजत. मग त्यातल्या निएलोची तपासणी झाली. तो निव्वळ चांदी-गंधकाचा निघाला. नंतरच्या मध्ययुगात निएलोत तांबं आणि शिसं मिसळायला लागले होते. ब्रूच खरा ठरला आणि १९५२ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये आला. तपासणीने काळ सांगितला, प्रदेश नाही. तो आजही ‘नवव्या शतकाच्या उत्तरार्धातला, इंग्लंडमधला’ एवढ्याच पत्त्यावर आहे.

तर मग नवव्या शतकात प्रादेशिक शैली नव्हत्याच का? होत्या. पण त्या राजवाड्यांच्या चांदीत शोधून मिळत नाहीत. त्या मिळतात कमरपट्ट्याच्या टोकात.

पट्ट्याचं टोक म्हणजे चामड्याच्या किंवा कापडी पट्ट्याच्या शेवटाला बसवलेला बोटाएवढा धातूचा तुकडा. वरचं टोक दुभागलेलं, त्यात पट्टा घालून दोन खिळे ठोकायचे. खालच्या टोकाला जनावराचं तोंड, वरून पाहिल्यासारखं, कान आणि नाकपुड्या स्पष्ट. मधल्या भागात ट्रेविडलची छोटी चौकट. श्रीमंताचा चांदीचा, साध्या माणसाचा तांब्याच्या मिश्रधातूचा. खिळा सैल झाला की तो गळून पडे, आणि मालक तो शोधत बसत नसे. म्हणजे तो जिथे वापरला, जवळपास तिथेच पडला. मौल्यवान वस्तू लोक सोबत नेतात किंवा पुरतात; किरकोळ वस्तू हरवतात. आपल्याला नकाशा हवा असेल तर हरवलेल्या वस्तूंचा हवा.

हा नकाशा शक्य झाला तो मेटल डिटेक्टरमुळे. इंग्लंड आणि वेल्समध्ये तीनशे वर्षांहून जुनी आणि किमान दहा टक्के सोनं-चांदी असलेली वस्तू सापडली की सरकारला कळवावी लागते, असा १९९६चा कायदा आहे. बाकीच्या साध्या वस्तूंसाठी १९९७ पासून स्वेच्छेने नोंद करण्याची योजना चालते. तिच्या नोंदवहीत आता दहा लाखांहून कितीतरी जास्त वस्तू आहेत. त्यात नवव्या शतकातली पट्ट्याची टोकं खच्चून भरली आहेत.

ती एकत्र मांडल्यावर गट दिसू लागले. सर्वांत ठसठशीत गट ईस्ट अँग्लियाचा. नॉरफोक आणि सफोकमध्ये अशी टोकं मिळतात ज्यांत निएलोच्या काळ्या पार्श्वभूमीत चांदीची बारीक तार वळवून, वेटोळी करून दाबून बसवली आहे. प्राणी नाहीत, चौकटी नाहीत. काळ्यावर पांढरी वेटोळी. काम स्वस्त आणि झटपट, पण दिसायला चांदीचा भास. अशी टोकं इतरत्र तुरळक, तिथे मात्र वारंवार. इथे आपण निर्धास्त म्हणू शकतो की हा तिथल्याच सोनारांचा आणि तिथल्याच गिऱ्हाइकांचा प्रकार होता. नॉर्थंब्रियात नवव्या शतकात नाण्यांतली चांदी इतकी घटली होती की शेवटी ती जवळजवळ निव्वळ तांब्याची झाली, आणि तिथली पट्ट्याची टोकंही बहुतेक मिश्रधातूची आहेत.

कारागिराचा पत्ता सांगणारा दुसरा पुरावा म्हणजे अर्धवट काम. विल्टशरमधल्या सेविंग्टन इथे १८३४ मध्ये नाण्यांसोबत चांदीची पट्ट्याची टोकं निघाली, त्यातली काही नक्षी न केलेली, कोरी. तयार वस्तू गिऱ्हाइकाकडे असते; कोरी वस्तू सोनाराकडेच असू शकते. शिवाय यॉर्क, लंडनसारख्या ठिकाणी हाडाचे तुकडे मिळाले आहेत ज्यांवर कारागिराने नक्षीचा सराव केला आहे: एक प्राणी नीट जमलेला, शेजारी दोन बिघडलेले. असं हाड कुणी भेट देत नाही, विकत नाही, लुटून नेत नाही. दुर्दैवाने चांदीच्या सोनाराची अशी अख्खी पेढी मिळावी तशी कुठे मिळालेली नाही.

दहाव्या शतकात पुन्हा चित्र पालटतं. वेसेक्सच्या राजांनी एकसंध इंग्लंड घडवलं आणि विंचेस्टर हे राजकीय आणि धार्मिक केंद्र झालं. मठांच्या सुधारणेबरोबर फ्रँक प्रदेशातली अ‍ॅकँथसची मांसल, कुरळी पानं आली. पानांच्या या नक्षीला ‘विंचेस्टर शैली’ म्हणतात, जरी ती कँटरबरीतही तितकीच फोफावली. उत्तरेला आणि पूर्वेला मात्र डेन लोक, म्हणजे डेन्मार्ककडचे व्हायकिंग, वसले होते आणि तिथल्या चांदीत स्कँडिनेव्हियन वळणं शिरली. केंब्रिजशरमधल्या सटन गावात १६९४ मध्ये नांगराला लागलेला अकराव्या शतकातला मोठा चांदीचा ब्रूच याचा नमुना आहे. त्यावरचे साप आणि चौपाये व्हायकिंग चवीचे, पण हात काहीसा कच्चा, रेघा वेड्यावाकड्या. पाठीवर मात्र जुन्या इंग्रजीत ठणकावून लिहिलं आहे: एडवेन माझी मालकीण आहे, देव तिचा मालक असो, तिने स्वखुशीने दिल्याशिवाय जो मला तिच्यापासून नेईल त्याला देवाचा शाप लागो. नाव इंग्रजी, भाषा इंग्रजी, नक्षी डॅनिश वळणाची. पूर्व इंग्लंडमधलं त्या वेळचं मिश्रण एका बाईच्या ब्रूचवर इतकं उघड क्वचितच दिसतं. उत्तम वस्तूपेक्षा अशी मध्यम कारागिरीची वस्तूच आपल्या मुलखाबद्दल जास्त सांगते, असं माझं मत आहे.

उत्तरेबद्दलचं मत मात्र सध्या हलतं आहे. ट्रेविडल शैली मुख्यतः दक्षिणेची, उत्तरेला तिची फक्त झुळूक, असं पूर्वी धरलं जाई. २०१२ मध्ये यॉर्कशरच्या बीडेलमध्ये सोन्याच्या पातळ पत्र्यांनी मढवलेला तलवारीच्या मुठीचा गड्डा मिळाला. २०१४ मध्ये तर स्कॉटलंडच्या गॅलोवे भागात इ.स. ९००च्या सुमारास पुरलेला मोठा ठेवा निघाला. त्यात ट्रेविडल पद्धतीचे चांदीचे ब्रूच आहेत, आणि चार शुभवर्तमानकारांची (येशूचं चरित्र लिहिणाऱ्यांची) चिन्हं कोरलेला, निएलो आणि सोन्याने सजवलेला एक चांदीचा क्रूस आहे, स्वतःच्याच साखळीत गुंडाळलेला. तो नॉर्थंब्रियात घडला असावा असं तज्ज्ञांना वाटतं. त्याच ठेव्यातलं झाकणाचं चांदीचं भांडं मात्र इराणच्या बाजूचं ठरलं आहे, तेव्हा ‘एकत्र सापडलं म्हणून एकत्र घडलं’ हा तर्क तिथेच कोसळतो.

नवे ठिपके नकाशावर टाकताना अभ्यासक आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवतात. डिटेक्टर घेऊन हिंडणारे लोक नांगरलेल्या शेतात हिंडतात, आणि नांगरलेली शेतं इंग्लंडच्या पूर्वेला आणि दक्षिणेला जास्त आहेत. पश्चिमेला आणि उत्तरेच्या डोंगराळ भागात गवताची कुरणं आहेत, तिथे माती उलटी होत नाही. नॉरफोकमध्ये तर शोधकांशी जुळवून घेऊन नोंदी करायची पद्धत बाकी देशाच्या आधीपासून रुजली आहे. म्हणून ईस्ट अँग्लियाच्या तार-वेटोळ्यांचा गट मोजताना आधी तिथे एकूण किती टोकं सापडली ते पाहतात आणि मग त्यात या प्रकाराचा वाटा काढतात. तो वाटा शेजारच्या भागांपेक्षा जास्त भरतो, तेव्हाच त्याला प्रादेशिक शैली म्हणतात.